दोरी : कार्ड क्रमांक एकशे सत्तेचाळीस

हार्दिक संध्याकाळी खोलीवर आला तेव्हा छताला पंखा नव्हता. सकाळी होता. सकाळी त्यानं तो स्वतःच्या हातानं बंद केला होता, हे त्याला पक्कं आठवत होतं, कारण बटण बंद केल्यावरही तो पंखा दोन-तीन मिनिटं रेंगाळत फिरायचा आणि तो पुरता थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत चहा प्यायची हार्दिकला सवय लागली होती. घरात दुसरं कोणी हलत नसलं की माणूस पंख्यालाही सोबत धरतो. आता पंखा नव्हता आणि पंख्याचा हुकही नव्हता. हुकाच्या जागी पांढऱ्या सिमेंटचा ओला गोळा थापला होता आणि त्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा होता. खाली स्टुलावर एक टेबलफॅन मांडून ठेवला होता. लावला तर तो खोलीभर मान फिरवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नाही, नाही, नाही म्हणायला लागला. चोरी झाली म्हणावं, तर पंखा नेऊन टेबलफॅन ठेवून जाणारा चोर डहाणूच्या मसोलीत अजून जन्माला यायचा होता. दार लावायला म्हणून हार्दिकनं मागं हात नेला तेव्हा कळलं की दाराची आतली कडीसुद्धा गेली आहे. स्क्रूंची चार भोकं तेवढी राहिली होती.

पुतळी मावशी, म्हणजे त्याची घरमालकीण, समोरच्या ओट्यावर बोंबलांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. साठीची बाई, डहाणूच्या बाजारात तिची मासळीची ठरलेली जागा आणि गिऱ्हाइकावर ओरडून ओरडून घडलेला आवाज. सात महिन्यांत ती हार्दिकशी तीनदा बोलली होती : एकदा डिपॉझिटबद्दल, एकदा पाण्याच्या मोटरबद्दल, आणि एकदा चुकून, तिला तो दुसराच कोणी वाटला होता तेव्हा.

"मावशी, पंखा?"

"दुरुस्तीला दिला."

"चालत होता की."

"चालत होता म्हणूनच दिला. मेल्यावर कोण दवाखान्यात नेतं?" एवढं बोलून तिनं जीभ चावली आणि बोंबलाचं डोकं गरजेपेक्षा जास्त जोरात कापलं. "म्हणजे मी पंख्याचं बोलते."

"आणि कडी?"

"गंजली होती. जेवायला ये आठ वाजता."

"डबा आणलाय मी."

"डबा कुत्र्याला घाल. रुपलनं कालवण केलंय. आणि दार लोटून ठेव नुसतं, वारा येतो."

सात महिने ज्या घरातून फक्त टीव्हीचा आवाज येत होता त्या घरात हार्दिक आठ वाजता जेवायला गेला. पुतळीच्या सुनेनं, रुपलनं, त्याला तीनदा भात वाढला आणि चौथ्यांदा विचारलं, "आवडलं ना? मग उद्या परत करते. उद्या येणार ना तुम्ही? म्हणजे उद्या असणार ना?" हार्दिक म्हणाला, उद्या तळासरीला जायचंय, पण संध्याकाळी असेन. यावर सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी एकाच वेळी श्वास सोडला. हार्दिकला वाटलं, कालवण तिखट झालंय.

त्याचं काम तसं समजावून सांगायला कठीण होतं आणि समजावून सांगावं असं विचारणारंही कोणी नव्हतं. एका भाषा-सर्वेक्षणात तो अकरा महिन्यांच्या करारावर लागला होता. डहाणू आणि तळासरी तालुक्यांतल्या गावांत, पाड्यांत हिंडायचं, घरातल्या साध्यासाध्या वस्तूंना लोक काय म्हणतात ते टिपून घ्यायचं. एका वस्तूला एक कार्ड, अशी तीनशेबारा कार्डं. नियम एकच, पण कडक : आपण शब्द उच्चारायचा नाही. आपण 'दोरी' म्हटलं की समोरचा सभ्यपणे 'हो, दोरी' म्हणतो आणि त्याच्या तोंडातला खरा शब्द पोटात परत जातो. म्हणून वस्तू दाखवायची आणि विचारायचं, "याला काय म्हणतात?" सूप, खुंटी, चाळण, विळा, सगळं त्याच्या पिशवीत असायचं. एकशे सेहेचाळीस कार्डं सुरळीत पार पडली होती. एकशे सत्तेचाळिसाव्या कार्डासाठी त्यानं डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून काथ्याची दोरी घेतली.

"कशाला बांधायची?" दुकानदारानं विचारलं.

"कशालाच नाही."

"मग?"

"नुसती जवळ ठेवायची. दाखवायला."

"कोणाला?"

"अजून ठरलं नाही. भेटेल त्याला."

दुकानदारानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भाई, घरी कोण कोण?"

"मी एकटाच."

दुकानदारानं दोरीबरोबर एक देवाचं कॅलेंडर फुकट दिलं. ऑक्टोबर चालू होता. "अजून दोन महिने बाकी आहेत ना त्यात," तो घाईघाईनं म्हणाला, "आणि डिसेंबरचा फोटो तर फारच छान आहे. बघाच."

ती दोरी पहिल्याच दिवशी गेली. हार्दिकनं ती पुतळीसमोर दोन्ही हातांत आडवी धरली होती आणि नियमाप्रमाणे चेहरा कोरा ठेवून विचारलं होतं, "मावशी, याला काय म्हणतात?" पुतळीनं त्याच्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, मग दोरी हिसकावून घेतली आणि अंगणात कपडे वाळत घालायला बांधून टाकली. लगेच तिच्यावर तीन ओल्या चादरीही टाकल्या, म्हणजे सोडवता येऊ नये. हार्दिकनं वहीत लिहिलं : 'उत्तर नाही. वस्तू वापरात घेतली.' दुसऱ्या दिवशी तो परत दुकानात गेला. "पहिली काय झाली?" दुकानदारानं विचारलं. "जमलं नाही," हार्दिक म्हणाला, "आज परत प्रयत्न करतो." दुसरीही अशीच गेली, आणि तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "दोरी संपली." त्याच्या डोक्यामागं छतापर्यंत दोरीची वेटोळी टांगलेली होती. दोघंही थोडा वेळ त्या वेटोळ्यांकडे बघत राहिले. "ती नमुन्याची आहेत," दुकानदार म्हणाला, आणि चहा मागवला.

त्याच दिवसांत हार्दिकनं न बोलावताच नविन त्याच्या मागं लागला. नविनची रिक्षा स्टेशनबाहेर उभी असायची. तो मूळचा तळासरीकडच्या एका पाड्यावरचा. तिशी ओलांडलेला, बारीक, खाकी शर्टाच्या खिशात कंगवा. हार्दिक एसटीच्या थांब्यावर उभा असला की रिक्षा पुढं येऊन थांबायची. "बसा सर, त्याच बाजूला चाललोय." हार्दिक म्हणायचा, मला आशागडला जायचंय. "तिथंच चाललोय." आशागडचं नंतर तळासरी ठरलं तरी नविन तिथंच चाललेला असायचा. मागं सामान ठेवायचं म्हणून हार्दिकला तो पुढं स्वतःशेजारी बसवायचा आणि सामान मात्र हार्दिकच्या मांडीवरच असायचं. भाडं घ्यायचं म्हटलं की म्हणायचा, "शेवटी बघू." मग दचकून म्हणायचा, "शेवटी म्हणजे महिन्याच्या शेवटी."

तळासरीच्या बाजूला भातकापणी चालली होती. एका पाड्यावर जिव्या नावाचा म्हातारा खळ्याच्या कडेला पेंढ्या बांधत बसला होता. नविन ओळखीचा, त्यामुळे म्हाताऱ्यानं बसायला फळी दिली. हार्दिकनं तळासरीच्या बाजारातून घेतलेली तिसरी दोरी काढली आणि आडवी धरली. "बाबा, याला काय म्हणतात?"

"कशाला बांधशील?" जिव्यानं विचारलं.

"ते नाही. नुसतं याला काय म्हणता?"

"नुसतं कसं? गायला बांधली तं दावा. भाराला बांधला तं बंद. पोराच्या झोळीला लावली तं झोळीची. बांधशील तवा नाव येल ना तिला." म्हाताऱ्यानं मान वर केली. "नुसती हातात धरून कोण फिरतं? तुना घरी कोण हाय?"

"कोणी नाही."

जिव्यानं नविनकडे पाहिलं. नविननं खाली पाहिलं. म्हाताऱ्यानं हार्दिकच्या हातातून दोरी हळूच, लहान पोराच्या हातातून कोयती काढून घ्यावी तशी, काढून घेतली आणि भाताच्या भाऱ्याभोवती दोन वेढे देऊन आवळून टाकली. "हा बंद," तो म्हणाला. "लिव." हार्दिकनं लिहिलं.

परतीच्या वाटेवर रिक्षाच्या धडधडीत त्याच्या डोक्यात शब्द सुटे होऊन हिंडायला लागले. ही त्याची जुनी खोड होती. लोक जपमाळ ओढतात तसा तो शब्द ओढायचा. रस्सी आली रश्मीतून, आणि रश्मी म्हणजे लगाम आणि किरणही : ज्या कुणी पहिल्यांदा सूर्याकडे पाहून लगाम म्हटलं त्याला बहुधा आपण ओढले जातोय असं वाटलं असणार. गुण म्हणजे मुळात दोरीचा पदर. तीन पदर पिळले की दोरी होते, तीन गुण पिळले की माणूस होतो म्हणतात. हार्दिकला आपल्यात दीडच पदर असल्याची शंका फार दिवसांपासून होती. दावं आलं दामन् मधून. आणि देवाला पोटाशी बांधून ठेवलं म्हणून तो दामोदर. म्हणजे देवालासुद्धा घरात राहायला कुणीतरी बांधावं लागलं. चऱ्हाट म्हणजे जाडजूड दोर आणि न संपणारं बोलणं. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी आणि ठोंब्या माणूस. आई त्याला सुंभ म्हणायची. "सुंभ, इकडे ये. सुंभ, टोक धर." वाढवणच्या किनाऱ्यावर, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालायला ती दोऱ्या ताणायची, एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं स्वतःच्या दातात, कारण दोन्ही हात गाठ मारण्यात गुंतलेले. त्या दोरीला तिचा एक वेगळा शब्द होता. कपड्यांच्या दोरीला नाही, होडीच्या दोराला नाही, फक्त त्या एका दोरीला. तो शब्द ती दोरी दातात धरूनच उच्चारायची, त्यामुळे तो नेहमी दातांमधून, काथ्याच्या चवीसकट बाहेर यायचा. आता हार्दिकला आईचे दात आठवत होते, कपाळावरचं खारं पाणी आठवत होतं, दुपारच्या उन्हात एकाच वेळी हजारभर बोंबलांनी तोंड उघडून समुद्राकडे बघणं आठवत होतं. शब्द तेवढा नव्हता. गेल्या मार्गशीर्षात आई गेली. त्यानंतर चुलत्यांना, शेजारणींना विचारून झालं. कुणी म्हणालं दोरी, कुणी म्हणालं तिलाच विचारायचं होतंस. एका माणसाबरोबर सगळी भाषा मरत नाही, असं प्रकल्पाच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, किमान नऊ बोलणारे असेपर्यंत आपण ती जिवंत धरतो. हार्दिकनं मोजलं. त्या शब्दाचे बोलणारे दोन होते. त्यातला एक ऐकणाराच होता.

खरी भानगड त्याला कळली पंखा गेल्याच्या सहाव्या दिवशी, आणि तीही न्हाणीघरात. न्हाणीची भिंत पुतळीच्या स्वयंपाकघराला लागून होती. डोक्याला साबण लावलेला असताना त्याला रुपलचा आवाज आला, "आज सकाळी हसला थोडा. शेवग्याची शेंग खाताना." मग पुतळी, "हसण्यावर जाऊ नको. आपल्या नारूचा मेव्हणा आदल्या दिवशी लग्नात नाचला होता. त्या हार्डवेअरवाल्यानं सांगितलंय, तीन वेळा मागायला आला. नविनला मी म्हटलंय, दिवसा तू बघ, रात्री मी दारात झोपते." साबण डोळ्यांत गेला. हार्दिक तसाच, हातात तांब्या घेऊन उभा राहिला. म्हणजे पंखा. म्हणजे कडी. म्हणजे कॅलेंडर. म्हणजे रोज सकाळी दार उघडल्यावर उंबऱ्याबाहेर जी चटई दिसायची आणि जिच्याबद्दल त्याला वाटायचं की मांजरासाठी आहे, ती. अख्ख्या मसोलीला वाटत होतं की तो जीव देणार आहे. आणि तो मात्र कार्ड भरत होता. त्याला हसू आलं. नागड्यानं, डोळे चुरचुरत असताना माणूस जितका हसू शकतो तितका तो आवाज न करता हसला. मग पलीकडून पुतळी ओरडली, "एवढा वेळ काय करतो रे आत? आवाज दे!" आणि तो ओरडला, "आहे, मावशी!" आपण आहोत असं कुणाला तरी ओरडून सांगायला लागून किती महिने झाले, हे त्याला मोजता येईना. तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं तरी ते दोन शब्द न्हाणीत घुमतच राहिले.

लगेच सांगून टाकायचं असं त्यानं ठरवलं. सांगणं सोपं होतं : कार्ड दाखवायचं, नियम सांगायचा, सगळे हसले असते. संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यानं तोंड उघडलंही. पण ताटात भरलेली कोलंबी होती, आणि पुतळी तिच्या बाजारातल्या भांडणाची गोष्ट सांगत होती, एका बाईनं पापलेटाचे कल्ले उघडून बघितले तेव्हा ती कशी म्हणाली की आधी नवऱ्याचे उघडून बघ. आणि गोष्ट सांगता सांगता ती मधूनच थांबून हार्दिककडे बघत होती, हसतोय का. तिच्या हसण्याला त्याचं हसणं लागत होतं. उद्या सांगू, त्यानं ठरवलं. उद्या रुपलनं विचारलं, तुमच्या आईची कोणती भाजी आवडायची? परवा नविननं स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी केली. हार्दिक सांगायचं रोज पुढं ढकलत राहिला, आणि नकळत त्याचं वागणंही बदललं. आनंदी दिसायची पंचाईत, कारण आनंदी दिसलं तर कदाचित रात्रीची चटई उचलली जाईल. दुःखी दिसायची पंचाईत, कारण दुःखी दिसलं तर तालुक्यातली सगळी दोरी संपेल. तो मध्यम चेहऱ्यानं वावरू लागला. एकदा आरशात तो चेहरा त्यानं नीट पाहिला आणि त्याला शंका आली की हा काही नवा चेहरा नाही, हा तर गेलं वर्षभर हाच होता. त्यानं आरसा पालथा घातला. दुसऱ्या दिवशी आरसाही गेला होता.

अकराव्या दिवशी मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. नविनच्या रिक्षाचा मागचा टायर गेला होता आणि दुरुस्तीला दिवस घालवण्याऐवजी तो शेजाऱ्याची रिक्षा मागून घेऊन आला होता, नुसतं याच्याबरोबर फिरायला. याचं घर चालतं कशावर? एका खोट्या भीतीवर दुसऱ्याचा दिवस खाणं हे काही बरं नव्हे. आज सांगायचंच. धुंदलवाडीच्या अलीकडे, दुपारी तीनच्या सुमारास, नविननं एका आंब्याखाली रिक्षा लावली. हायवेवरून ट्रकांची घरघर येत होती. दोघं रिक्षातच बसून होते. हार्दिकनं पिशवीतून कार्ड काढलं, एकशे सत्तेचाळीस, आणि म्हणाला, "नविनभाऊ, मला एक सांगायचंय."

"मलापण," नविन म्हणाला. "मी आधी सांगतो सर. तुमचं ऐकलं तर माझं राहून जाईल." त्यानं कंगवा काढला, केसांना लावला नाही, बोटांवर फिरवत राहिला, बारीक करकर आवाज येत राहिला. "ते भूकंप चालू झाले होते ना आमच्याकडे? सहा-सात वर्षं झाली. रोज हलायचं. सगळे बाहेर झोपायचे, तंबूत, थंडीत. मग सवय झाली, लोक घरात झोपायला लागले. एकदा मोठा आला. भिंतीची माती पडायला लागली. सगळे बाहेर पळाले. मी नाही पळालो."

"झोप लागली होती?"

"जागा होतो. पडून राहिलो. म्हटलं, पडतंय तर पडू दे." करकर थांबली. "बाहेर माझी बायको संगिता मोजत होती, मला ऐकू येत होतं. पोरं दोन. आई एक. बकऱ्या चार. झाले सगळे, म्हणाली. तिला वाटलं मी रिक्षा बघायला गेलो. तिची चूक नाही सर. पण मी आत पडून ऐकलं ना, झाले सगळे, तेव्हा मलापण वाटलं की बरोबर आहे, झाले." तो हायवेकडे बघत होता. "आता मधेमधे हलतं थोडं. मी वाट बघतो. कुणाला कधी बोललो नाही. पुतळीबाय म्हणाली, त्या पोरावर लक्ष ठेव, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, याला सांगता येईल. याला कळेल. तुम्ही पण... म्हणजे तूपण त्याच रस्त्याचा ना?"

हार्दिकच्या हातात कार्ड होतं. त्यावर स्वच्छ अक्षरात वस्तूचं नाव, गावाचं नाव, उत्तरासाठी तीन रेघा. ते नुसतं पुढं केलं असतं तरी पुरे होतं. आणि मग या आंब्याखाली, या उसन्या रिक्षात, नविन एकटाच त्या घरात पडून राहिला असता, वर माती पडत असलेला, आणि आता तर ते बोलून दाखवल्याची शरमही बरोबर. हार्दिकनं कार्ड दुमडून खिशात घातलं. आयुष्यात पहिल्यांदा विचार करून खोटं बोलायची वेळ आली होती.

"हो," तो म्हणाला. "मीपण."

नविननं मान हलवली, अजिबात आश्चर्य न वाटता. "कधीपासून?"

आता तारीख लागणार होती. काहीतरी ठोकून द्यायचं म्हणून हार्दिकनं तोंड उघडलं, आणि काही जुळवायच्या आत तोंडातून बाहेर आलं, "जूनपासून. आठ जून. चिंचणीची शेवटची गाडी." तो थांबला. हे कुठून आलं? पण ते आलं होतं आणि मागून बाकीचं ओढत येत होतं. "मी मागच्या सीटवर बसलो होतो. गाडी रिकामी झाली. कंडक्टरनं मागं बघितलं आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, कोणी नाही, चल डेपोत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, कोणी नाही. मग मीपण मागं वळून बघितलं."

"मग?"

"मागं काच होती."

"ओरडला नाहीस?"

"नाही. म्हटलं, असेल बरोबर. डेपोत गाडी उभी केली, दिवे घालवले, ते दोघं निघून गेले. मी बसून होतो. कुठं जायचं तेच..." बोलायला निघाला होता खोटं, पण हे खोटं नव्हतं. त्यातला एक शब्द खोटा नव्हता. चार महिने ते त्याच्या पोटात होतं आणि त्यानं त्याचं कार्डच केलं नव्हतं. "बराच वेळ बसलो. फार वाईट वाईट वाटलं, असंही नाही. काहीच वाटलं नाही. तेच."

"तेच," नविन म्हणाला. "काहीच वाटत नाही तेच." मग म्हणाला, "उतरलास कसा?"

"लघवीला लागली."

नविन आधी गंभीरपणे मान हलवत होता. मग त्याच्या खांद्यांना काहीतरी झालं. हसू दाबताना त्याच्या नाकातून आवाज आला. हार्दिकलाही आवरेना. दोघं हसता हसता रिक्षा हलायला लागली, आणि रस्त्यानं गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे पुसत नविन म्हणाला, "मीपण त्या दिवशी त्यासाठीच उठलो. देवाची शपथ."

बाई गेली. हसू उतरलं, आणि ते उतरल्यावर खाली जे होतं ते तसंच होतं. हार्दिक म्हणाला, "सरकारी दवाखान्यात याचे डॉक्टर असतात. जाऊ या का?"

"कुणीतरी बघेल."

"बघू दे की. एकटा गेला तर लोक विचारतात. दोघं गेलो तर त्यांना वाटेल, एक आजारी आहे आणि दुसरा सोबत आलाय. कोण कुठला ते आपण कुणाला सांगायचं नाही."

नविननं यावर बराच विचार केला. "डॉक्टरला तरी सांगायला लागेल."

"त्याला ओळखू दे."

"सोमवारी जाऊ," नविन म्हणाला. मग खाली बघून, "मधेच हललं तर?"

"तर मला फोन कर."

"हलल्यावर?"

"हलल्यावर. पण बाहेर येऊन कर. आतून लागणार नाही. तुमच्याकडे आत रेंज नसते."

नविननं त्याच्याकडे निरखून बघितलं. मोबाईल बाहेर काढला. अकरा दिवस दोघं एका सीटवर बसून फिरले होते आणि कुणाकडे कुणाचा नंबर नव्हता. "बोल," नविन म्हणाला. हार्दिकनं नंबर सांगितला. मधले दोन आकडे उलटे झाले, परत सांगितले. "मिस्ड कॉल देतो." हार्दिकच्या खिशात फोन वाजायला लागला. तो वाजू देत बसला; नंबर तर आला होता.

"उचल ना," नविन म्हणाला.

"समोरच तर आहेस."

"उचल तरी."

हार्दिकनं फोन कानाला लावला. "हॅलो," नविन म्हणाला. वीतभर अंतरावरून त्याचा आवाज आधी आला, आणि मग थोड्या उशिरानं, लांबून कुठून तरी निघून आल्यासारखा, तोच आवाज कानात आला.

"हॅलो," हार्दिक म्हणाला. "आहे मी. बोल."